विल्यम बर्डचं चर्चसंगीत जपायचं आणि छापायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉयरमध्ये गाणारे, हौसेने स्वरलिपी टाइप करणारे आणि घरात किंवा चर्चच्या कपाटात जुन्या वह्या सापडलेले, अशा तीन प्रकारच्या लोकांकडून हे प्रश्न येत राहतात. सोपे आधी आहेत, अडचणीचे पुढे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, त्या त्या जागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बर्ड कोण? पॅलेस्ट्रिनासारखा नावाजलेला इटालियन रचनाकार सोडून त्याच्यावरच एवढं पान का?

विल्यम बर्ड (सुमारे १५४० ते १६२३) हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला इंग्लिश रचनाकार. १५६३ मध्ये तो लिंकन कॅथीड्रलचा ऑर्गनवादक झाला आणि पुढे लंडनला राणीच्या चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे दरबारी चर्चच्या गायकवृंदात, गेला. नोकरी प्रॉटेस्टंट दरबारात आणि श्रद्धा कॅथलिक, अशा कात्रीत त्याचं सगळं आयुष्य गेलं.

त्याची निवड करण्याचं कारण सोयीचं आहे. जुन्या संगीताच्या संपादनात जे जे पेच येतात, ते जवळजवळ सगळे या एका माणसात सापडतात. काही रचना त्याने स्वतः छापून घेतल्या, काही जवळजवळ चोरून छापल्या, काही फक्त हस्तलिखितांत उरल्या, काहींचा एक आवाज हरवला, आणि निदान एक प्रसिद्ध रचना त्याची नसताना त्याच्या नावावर खपली (प्रश्न १०).

२. मूळ प्रत म्हणजे नेमकी कोणती? बर्डच्या हातची वही कुठे आहे?

त्याच्या हस्ताक्षरातलं चर्चसंगीत आपल्या हाती नाही. ‘मूळ’ म्हणतो ते म्हणजे त्याच्या हयातीतली छापील पुस्तकं आणि इतरांनी केलेल्या नकला.

दोन्ही बहुतेक पार्टबुकच्या रूपात असतात. आज आपण सगळे आवाज एकाखाली एक पाहतो, तसं तेव्हा नव्हतं. वरच्या आवाजाची वही वेगळी, टेनरची (पुरुषांचा उंच आवाज) वेगळी, बासची (सर्वांत खालचा आवाज) वेगळी. गाणाऱ्याला स्वतःची ओळ तेवढी दिसे, बाकीचं कानाने. त्यामुळे संपादकाचं पहिलं काम म्हणजे चार-पाच वह्या शेजारी मांडून त्यांतून एक पान उभं करणं. एखाद्या नकलाकाराने विरामाचं एक चिन्ह गाळलं असेल तर पुढचा सगळा आवाज मागेपुढे सरकतो, आणि चूक नेमकी कुठे झाली ते शोधायला अख्खी संध्याकाळ जाते.

हस्तलिखितांपैकी रॉबर्ट डाऊची पार्टबुकं पाहायला सुंदर आहेत. ती ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजमध्ये आहेत आणि १५८१ पासून लिहिली गेली. अक्षर इतकं सुवाच्य की जुन्या लिपीची सवय नसलेल्यानेही तिथूनच सुरुवात करावी.

३. छापील पुस्तक उपलब्ध असेल तर हस्तलिखितं कशाला चाळायची?

कारण छापील प्रतीही एकसारख्या नसतात. त्या काळी छपाई चालू असतानाच चूक लक्षात आली की खिळे बदलून पुढची पानं काढत, आधी निघालेली पानंही टाकून देत नसत. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन ग्रंथालयांतल्या प्रतींत फरक निघतो. कधी पेनाने केलेली दुरुस्तीही असते. एकच स्कॅन उतरवून ‘मूळ छापील प्रतीवरून’ असं लिहिणाऱ्यांनी ती प्रत कोणत्या ग्रंथालयातली, हेही लिहावं.

४. कॅथलिक उपासनेला बंदी होती ना? मग लॅटिन मास छापले कसे?

१५७५ मध्ये राणीने टॉमस टॅलिस आणि बर्ड या दोघांना संगीत छापण्याचा आणि स्वरलिपीचा आखलेला कागद विकण्याचा एकाधिकार २१ वर्षांसाठी दिला. त्याच वर्षी दोघांनी मिळून ३४ लॅटिन रचनांचा संग्रह काढला, प्रत्येकाच्या १७. राणीच्या राज्याचं ते सतरावं वर्ष होतं, तेव्हा आकड्यात नजराणा आहे. धंदा मात्र बुडाला. दोनच वर्षांत त्यांनी राणीला अर्ज केला, त्यात २०० मार्कांहून (मार्क हे तेव्हाचं पैशाचं माप) जास्त तोटा झाल्याचं म्हटलं आहे.

लॅटिन भाषेवर सरसकट बंदी नव्हती. बायबलमधल्या वचनांवरच्या लॅटिन रचना घरात बसून गाता येत. मासची (मिस्सा) गोष्ट वेगळी, तो थेट बंदी असलेला कॅथलिक उपासनाविधी, आणि त्याच्या शब्दांवरच्या संगीतालाही मासच म्हणतात. १५९० च्या दशकात बर्डने चार, तीन आणि पाच आवाजांसाठी असे तीन मास छापले, ते मुखपृष्ठाशिवाय. मुद्रकाचं नाव नाही, साल नाही. आणि तरीही आतल्या पानांवर बर्डचं नाव आहे. हा धीटपणा होता की वरच्या वर्तुळातल्या ओळखींवरचा भरवसा, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही वाटतं.

साल नसताना आपण १५९२ ते १५९५ च्या आसपास कसं म्हणतो? पीटर क्लूलो या अभ्यासकाने १९६६ मध्ये ते सोडवलं. मुद्रक टॉमस ईस्ट ओळीच्या सुरुवातीला नक्षीदार लाकडी अक्षरठसे वापरत असे. ठसे वापरून झिजतात, त्यांना चिरा पडतात. साल छापलेल्या पुस्तकांत त्याच ठशांची अवस्था पाहून त्याने तिन्ही मासचा क्रम आणि काळ लावला. ईस्टने नाव लपवलं, पण त्याच्या ठशांनी त्याला उघडं पाडलं.

पुढे १६०५ आणि १६०७ मध्ये वर्षभराच्या सणांसाठीच्या रचनांचे ‘ग्रादुआलिया’ हे दोन भाग उघडपणे निघाले. पण १६०५ मध्येच शार्ल द लिन्यी नावाच्या एका फ्रेंच माणसाला बर्डची ही पुस्तकं जवळ बाळगल्यावरून लंडनच्या न्यूगेट तुरुंगात टाकलं गेलं. त्याच नोव्हेंबरात पार्लमेंट उडवण्याचा कट उघडकीस आला आणि वातावरण आणखी तापलं. दोन्ही भाग १६१० मध्ये नवीन मुखपृष्ठं लावून पुन्हा बाजारात आले.

५. एक वही हरवली असेल तर तो आवाज ‘रचून’ घालायचा का? हा खोटेपणा नाही का?

बर्डच्या काळातला नकलाकार जॉन बाल्डविन याच्या पार्टबुकांचं हेच झालं आहे. त्यांतली टेनरची वही गायब आहे. ज्या रचना दुसरीकडे सापडतात त्यांचा टेनर तिथून घेता येतो. ज्या फक्त बाल्डविनकडेच आहेत त्या लंगड्या राहतात.

हरवलेला आवाज रचणं वाटतं तितकं हवेतलं नसतं. या शैलीत एक आवाज जी ओळ सुरू करतो तीच बाकीचे थोड्या अंतराने उचलतात. चार जणांनी उचललेली दिसली, की पाचव्याने ती कुठे उचलली असेल याच्या शक्यता दोन-तीनच उरतात. समारोपाच्या जागी टेनरची चाल तर ठरलेलीच असते. खरी पंचाईत मधल्या मोकळ्या भागात येते, जिथे टेनर नुसता भरणा करत असतो.

खोटेपणा तेव्हा होतो, जेव्हा तुम्ही सांगत नाही. रचलेला आवाज पूर्ण लहान टाइपात छापा आणि पहिल्या पानावर स्पष्ट लिहा. ‘प्रस्तावनेत सांगितलं आहे’ हे पुरेसं नाही, कारण कॉयरमध्ये प्रस्तावनेची झेरॉक्स कुणी काढत नाही.

६. शाईनेच कागद खाल्लाय, अक्षर पलीकडून उमटलंय. हे परत वाचता येतं का?

बऱ्याचदा येतं. ही शाई ओकच्या झाडावरच्या गाठींतलं टॅनिन आणि लोहाचं सल्फेट मिसळून करत. ती आम्लधर्मी असते. वर्षानुवर्षं ती कागदात मुरते, पलीकडे झिरपते आणि शेवटी जाड रेघांच्या जागी कागद गळून पडतो. स्वरलिपीत हे जास्त होतं, कारण काळ्या भरीव स्वरांत शाई भरपूर असते.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातली जॉन सॅडलरची पार्टबुकं याचं ठळक उदाहरण. ती इतकी जळली आहेत की हाताळणं धोक्याचं. ऑक्सफर्ड आणि न्यूकासल विद्यापीठांच्या ट्यूडर पार्टबुक्स प्रकल्पात त्यांची उच्च दर्जाची छायाचित्रं घेतली गेली आणि संगणकावर पलीकडून उमटलेली शाई पुसून पानं पुन्हा वाचनीय केली गेली. यात यंत्रापेक्षा माणसाचा वेळ जास्त जातो. हा ठिपका या पानावरचा की मागच्या, हे ठरवायला संगीत कळावं लागतं. आणि मूळ छायाचित्र न बदलता वेगळं ठेवायचं, हा नियम इथेही आहेच.

७. चिकित्सक आवृत्ती आणि गाण्यासाठीची आवृत्ती यांत फरक काय?

पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उघडून पाहिली असेल त्यांना अर्धं उत्तर माहीत आहे. वर स्वीकारलेली संहिता, खाली कोणत्या पोथीत काय पाठभेद आहे त्याच्या ओळी. संगीतातही तेच: कोणत्या प्रतीत कोणता स्वर वेगळा, कुठे चिन्ह नाही, आणि संपादकाने काय आणि का निवडलं. फरक एवढाच की श्लोक मनातल्या मनात वाचता येतो, पण पाचपैकी दोन आवाजांनी एक पाठ आणि तिघांनी दुसरा घेतला तर रविवारच्या मासमध्ये ते सगळ्यांनाच कळतं.

गाण्यासाठीची आवृत्ती सुटसुटीत असते: बार रेषा, सोयीची पट्टी, सरावासाठी खाली कीबोर्डचा भाग. तरी संपादकाने घातलेलं काय आणि मूळचं काय, हे तिच्यातही दिसायलाच हवं. मंद-जोरात-हळूहळू अशा सूचना लिहून, त्या बर्डच्याच आहेत असा भास निर्माण करणारी जुनी पुस्तकं अजून कॉयरच्या कपाटांत पडून आहेत. बर्डने असलं काही लिहिलेलं नाही.

८. बर्डची मूळ पट्टी कोणती? आम्ही दोन सूर खाली घेतली तर चालेल का?

चालेल. तेव्हा सर्वत्र सारखा ठरलेला सूर नव्हता, आणि लिहिलेला स्वर व प्रत्यक्ष गायला जाणारा स्वर यांचं नातं जागेगणिक बदलत असे. शिवाय आवाजाच्या कक्षेप्रमाणे क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणारं ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह) बदलायची पद्धत होती, त्यामुळे कागदावर उंच दिसणारी रचना गळ्यात तेवढी उंच असेलच असं नाही. हे मास कॅथलिक घरांतल्या खासगी प्रार्थनागृहांत, मोजक्या माणसांनी गायले. आवाज असतील तशी पट्टी त्यांनीही लावली असणार.

आवृत्तीत मात्र सुरुवातीला प्रत्येक आवाजाचा मूळ क्लेफ, मूळ पहिला स्वर आणि त्याचं मूळ मूल्य (लांबी) छापा, शेजारी आवाजाची कक्षा द्या. मूल्यं निम्मी केली असतील तर तेही लिहा. एवढं दिलं की तुम्ही काय हलवलं ते कुणालाही उलटं मोजता येतं.

९. एका आवृत्तीत शार्प आहे, दुसरीत नाही. बरोबर कोण?

कदाचित दोघंही. त्या काळी काही शार्प-फ्लॅट (स्वर अर्ध्याने चढवणारी-उतरवणारी चिन्हं) गायक स्वतःच लावत, कागदावर लिहीत नसत. त्याला मुसिका फिक्ता म्हणतात. रीत अशी: मूळ प्रतीतलं चिन्ह स्वराच्या आधी, ओळीत. संपादकाने सुचवलेलं चिन्ह स्वराच्या डोक्यावर, लहान. या एका रीतीने निम्मे वाद मिटतात.

उरलेले वाद खटक्यांचे. बर्डला एका आवाजात शार्प आणि लगेच दुसऱ्या आवाजात तोच स्वर साधा, अशी टक्कर आवडते. १६०५ च्या संग्रहातल्या ‘आवे वेरुम कॉर्पुस’ची सुरुवात घ्या. नेहमीच्या पट्टीत वरच्या आवाजातला एफ शार्प विरतो न विरतो तोच बास साधा एफ घेऊन ‘वेरुम’ म्हणतो. कान चमकतो, आणि तो चमकावा म्हणूनच ते लिहिलं आहे. छापखान्याची चूक समजून ते ‘सुधारणाऱ्या’ लोकांना नम्र विनंती की हात आवरा.

१०. इंटरनेटवर ‘बर्ड’ म्हणून सापडलेली रचना त्याचीच आहे हे कसं समजायचं?

‘नोन नोबिस दोमिने’ हा कॅनन (एकच सुरावट सगळे आवाज एकामागून एक गातात ती रचना) शतकानुशतकं बर्डच्या नावाने गायला गेला. त्याची मूळ सुरावट फिलिप फान विल्डर या आधीच्या रचनाकाराच्या एका मोटेटमधून (लॅटिन धार्मिक गीतातून) आलेली आहे. तेव्हा नाव कुठून आलं ते पाहा. हयातीतली छापील पुस्तकं भरवशाची. समकालीन हस्तलिखितात नाव असेल तर बरं, पण दुसऱ्या हस्तलिखितात वेगळं नाव नाही ना, ते तपासा. मृत्यूनंतर शंभर वर्षांनी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं नाव असेल तर ‘बर्डच्या नावावर असलेली’ एवढंच लिहा.

११. ‘ग्रेट सर्व्हिस’च्या आवृत्त्यांत एवढे फरक का?

ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या, उपासनेसाठीची त्याची सर्वांत भव्य इंग्रजी रचना, आणि ती त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही. बर्डच्या संगीताचे संपादक एडमंड फेलोज यांना ती १९२२ मध्ये डरहॅम कॅथीड्रलच्या वह्यांत सापडली. एकही संच पूर्ण नाही, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या वह्यांतून ती जोडावी लागते. प्रत्येक संपादक जोड वेगळ्या जागी घालतो. पुढचं तंत्र प्रश्न ५ प्रमाणेच.

१२. फेलोजच्या जुन्या आवृत्तीची झेरॉक्स काढून वाटली तर चालते का?

बर्डच्या संगीतावर कुणाचा हक्क नाही. प्रश्न संपादकाच्या कामाचा असतो. भारतात हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ब्रिटनमध्ये ७०. फेलोज १९५१ मध्ये वारले, म्हणजे त्यांचं काम भारतात २०१२ पासून आणि ब्रिटनमध्ये २०२२ पासून खुलं झालं.

मेख पुढे आहे. फेलोज यांच्या बर्ड-ग्रंथावलीचे काही खंड पुढे थर्स्टन डार्ट यांनी सुधारले, आणि डार्ट १९७१ मध्ये वारले. त्यांनी केलेल्या सुधारणांचं घड्याळ तिथून सुरू होतं. नंतरच्या नव्या ‘बर्ड एडिशन’चे प्रमुख संपादक फिलिप ब्रेट २००२ मध्ये वारले, म्हणजे ते काम अजून बरीच वर्षं हक्कात आहे. म्हणून मुखपृष्ठावरचं नाव वाचून थांबू नका, आत ‘सुधारून’ असं कुठे लिहिलंय का ते पाहा.

१३. मी स्वतः जुन्या छापील प्रतीवरून टाइप केलं. आता माझा हक्क लागतो का?

नुसतं जसंच्या तसं उतरवलं असेल तर दावा कच्चा. पण हरवलेले स्वर भरणं, चुका सुधारणं, शब्द स्वरांखाली बसवणं यात कौशल्य जातं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये ‘सॉकिन्स विरुद्ध हायपेरियन’ खटल्यात फ्रेंच रचनाकार लालांदच्या अशाच संपादित आवृत्तीला हक्क मान्य केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’मध्ये म्हटलं की निकालपत्राचा मूळ मजकूर सर्वांचा, पण संपादकाने त्यात किमान सर्जनशील भर घातली असेल तर त्या भरीला संरक्षण मिळतं. तो खटला संगीताचा नव्हता, तरी तत्त्व इथे उपयोगी पडतं. पैशांचा मामला असेल तर वकिलाला विचारा.

ग्रंथालयाच्या स्कॅनचं वेगळं आहे. हस्तलिखितावर हक्क नसला तरी छायाचित्र वापरण्याच्या त्यांच्या अटी असू शकतात. छायाचित्र पाहून स्वर उतरवणं आणि तेच छायाचित्र मुखपृष्ठावर छापणं, या दोन गोष्टी एक मानू नका.

१४. आवृत्ती तयार आहे. कुठे आणि कोणत्या रूपात टाकू?

कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी (१९९८ पासून) किंवा आयएमएसएलपी (२००६ पासून), ही दोन्ही स्वरलिपींची मोफत संकेतस्थळं. पहिलीकडे गाणारे येतात, दुसरीकडे जुने स्कॅनही असतात. नुसती पीडीएफ देऊ नका, सोबत म्युझिक-एक्सएमएल (स्वरलिपीचा सामाईक फाइल-प्रकार) द्या. स्वरलिपी लिहिण्याचा प्रोग्रॅम म्यूझस्कोर असो की आणखी काही, आजची फाइल वीस वर्षांनी उघडेल याची खात्री नसते, आणि म्युझिक-एक्सएमएल बहुतेक प्रोग्रॅम वाचतात. प्रत्येक पानाच्या तळाशी संपादकाचं नाव, साल, आवृत्ती क्रमांक आणि मूळ प्रतीचा ग्रंथालय क्रमांक. पानं सुटी होतात, पहिलं पान नेहमी हरवतं.

१५. आमच्या गोव्यातल्या चर्चमध्ये मेस्त्रींच्या (गायकवृंदाच्या संगीतशिक्षकांच्या) हातच्या मोतेतच्या (गोव्यातल्या धार्मिक गीतांच्या) वह्या आहेत. हेच सगळं त्यांना लागू पडतं का?

पडतं, आणि घाई तिथे जास्त आहे. बर्डच्या वह्या दगडी कॉलेजांत आहेत, कोकणातल्या वह्या पावसाळ्यात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून खूप वर असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमट हवा कोंडते. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. लोखंडी पिना आणि स्टेपल हलक्या हाताने काढा, त्या गंजून कागद खातात.

मग कोरड्या दिवसांत छायाचित्रं: पूर्ण पान, कडांसकट, कोरी पानंसुद्धा, रंगीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) ही मोतेत अजून गाणारे ज्येष्ठ असतील तर त्यांचं गाणं रेकॉर्ड करा, कारण व्हायोलिनवाला कुठे थांबतो आणि लय कुठे ओढतात हे वहीत लिहिलेलं नसतं. हक्काच्या बाबतीत प्रश्न १२ चा हिशोब लावा. मेस्त्री वारून ६० वर्षं झाली नसतील तर छापण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या.

१६. लॅटिनऐवजी मराठी शब्द बसवून गायलं तर बर्डचा अपमान होईल का?

त्याच्या काळातच हे झालं आहे. त्याच्या ‘चिविटास सांक्टी तुई’ या लॅटिन मोटेटला इंग्रजी शब्द बसवून ‘बो दाइन इअर’ नावाने अँग्लिकन कॅथीड्रलांत गायलं गेलं, आणि १६४१ च्या जॉन बार्नर्डच्या छापील संग्रहातही ते आहे. उजाड झालेल्या जेरुसलेमचं, कॅथलिकांना स्वतःचं वाटणारं दुःख प्रॉटेस्टंट गायकवृंद नेमाने गात राहिला.

वसईसारख्या ठिकाणी, जिथे मासच मराठीत होतो, तिथे प्रयोग जरूर करा. अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. लॅटिन शब्दाचा आघात जिथे लांब स्वरावर येतो तिथे मराठीतलं ऱ्हस्व अक्षर आलं की शब्द ताणल्यासारखा वाटतो. भाषांतर आधी करून मग कोंबण्यापेक्षा एकेक ओळ गाऊन शब्द शोधा. मूळ लॅटिन ओळ खाली ठेवा, मराठीची वर, आणि मराठी शब्द कुणाचे ते लिहा. स्वर फोडावे लागले, एकाचे दोन करावे लागले, तर ते तुटक जोडरेषेने दाखवा म्हणजे लॅटिनमध्ये गाणाऱ्यालाही तेच पान चालेल.